टीव्हीची पाठ दाखवा

तुमच्या घरातल्या टीव्हीची पाठ तुम्ही शेवटची केव्हा पाहिली? नाही ना आठवत? कोणालाच आठवत नाही. समोरून त्याला रोज फडकं मारतात, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवतात, आणि मागे बघाल तर धूळ, कोळ्याची जाळी आणि वायरींचा गुंता. माझा सगळा जन्म त्या मागच्या बाजूवर निघाला. नागपुरात सीताबर्डीच्या एका बोळीत माझं वायरींचं दुकान आहे. घरात वीज आणणाऱ्या वायरी नव्हेत. एका यंत्राला दुसऱ्या यंत्राशी जोडणाऱ्या. टीव्हीला केबलचा डबा, टीव्हीला साउंड, टीव्हीला व्हिडिओ गेम.

दुकान मूळचं वडिलांचं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा म्हणाले, "सुनंदा, चार दिवस तू बस." ते चार दिवस अजून संपायचे आहेत. साठीला आले आता.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, व्हिडिओ गेमची वायर द्या."

"कोणत्या टीव्हीले?"

"मोठ्या."

अरे बाप्पा, मोठ्या म्हणे! मग मी माझं ठरलेलं वाक्य बोलते, "टीव्हीची पाठ दाखवा." तो मोबाइल काढतो आणि टीव्हीच्या तोंडाचा फोटो दाखवतो. त्यात पोट्ट्याचा वाढदिवस असतो, फुगे असतात, सासूबाई सोफ्यावर बसलेल्या असतात. पाठीचा फोटो कोणी काढत नाही. आणि वायर तर पाठीला लागते ना! पाठीला कोणती भोकं आहेत ते कळल्याशिवाय मी वायर देत नाही, मग तुम्ही मंत्री असा की संत्री.

काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी होते. नातवाच्या गेमसाठी वायर पाहिजे होती. मी पाठ मागितली तर त्यांनी दुकानातूनच घरी फोन लावला. बायको म्हणाली, टीव्ही भिंतीला ठोकला आहे, मागे हात जात नाही. "तं काढा ना भिंतीवरून!" हे इकडून ओरडले. मी म्हटलं, विषय संपला. कुठला संपतो! दोन दिवसांनी पाहते तर दुकानासमोर संत्र्यांची गाडी उभी, आणि मागे गादीत गुंडाळलेला, बाळंतिणीसारखा जपून आणलेला टीव्ही. काउंटरवर पालथा घातला, पाठ पाहिली. अगदी साधं, नेहमीचं भोक. मी विचारलं, "काका, गेमच्या खोक्यात वायर आली असंल ना?" ते विचारात पडले. "खोकं तं हिनं लोणच्याच्या बरण्यांखाली दिलं बापा." वायर त्या बरण्यांखाली होती. मी काही न विकता त्यांना चहा पाजला, आणि त्या हिवाळ्यात माझ्या घरी संत्री विकत आणावी लागली नाहीत.

धंदा समजायला सोपा आहे. वायरींची दोन खानदानं. जुन्या खानदानात रंगीत पिना: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या. नव्या खानदानात एकच चपटी पिन, तिच्यातूनच चित्र आणि आवाज दोन्ही जातात. तिला एचडीएमआय म्हणतात. जुन्याचं नव्याशी जमत नाही, मध्ये मध्यस्थ लागतो. मध्यस्थ म्हणजे एक छोटी डबी. त्यातही दोन प्रकार, एक जुन्याचं नवं करते आणि दुसरी नव्याचं जुनं. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी लावली की टीव्ही ठार काळा. लोक ऑनलाइन नेमकी उलटी डबी मागवतात आणि भांडायला माझ्याकडे येतात.

शिवाय आमच्यात बाहेर आलेल्या पिनेला नर म्हणतात आणि भोकाला मादी. साऱ्या बाजारात हीच भाषा. पण काउंटरवर बाई बसलेली पाहून चांगले चांगले अडखळतात. एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ वायर बोटांत फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ताई, ह्याचं... ते... समोरचं माणूस द्या." मी म्हटलं, "मादी म्हणा भाऊ, लाजता काहून? मी रोज ढिगानं विकते." पुन्हा आले नाहीत बिचारे.

आणि सोन्याच्या पिना! "सोन्याची द्या, चित्र चांगलं येते म्हणतेत." कन्हानचा एक तरुण नवा कोरा गेम आणि नवा कोरा टीव्ही घेऊन एकाहून एक महाग वायरी नेत होता आणि परत आणत होता. चित्र म्हणे अटकते. पाठीचा फोटो मागितला तेव्हा दिसलं, टीव्हीला एकसारखी दिसणारी तीन भोकं होती आणि पूर्ण ताकदीचं त्यातलं एकच. हा भलत्याच भोकात सोनं खुपसत होता. मी भोक बदलायला सांगितलं, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करायला लावला. वायरीचा धंदा करून मीच सांगते, अर्ध्या लोकांना नव्या वायरीची गरजच नसते. वडील असते तर म्हणाले असते, अशानं पोट भरायचं नाही. भरलं मात्र.

वडिलांनी एक शिस्त लावून दिली होती, लावून दाखवल्याशिवाय वायर द्यायची नाही. त्यासाठी काउंटरच्या टोकाला आमचा 'म्हातारा' बसलेला असायचा. म्हणजे जुना, मोठ्या पोटाचा, पिक्चर ट्यूबचा टीव्ही. भाचा यायचा तेव्हा म्हणायचा, "मावशी, याले भंगारात दे, जागा खाऊन राहिला." मी त्याला पेटीत ठेवलेल्या लग्नाच्या शालूसारखा जपला. आज काउंटरवर ती जागा रिकामी आहे. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले, वरचं सगळं आपलं बोलता बोलता निघालं.

प्रज्ञा आली तो सोमवार असावा, बाजार सुना होता. पस्तिशीची बाई, विमा कार्यालयात नोकरीला. कापडी पिशवीतून तिनं एक जुना व्हिडिओ गेम काढला, तो कॅसेट टाकून खेळायचा. आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाइल पुढे केला. टीव्हीच्या पाठीचा फोटो! स्वच्छ पुसून काढलेला! इतक्या वर्षांत असं पहिलंच गिऱ्हाईक.

"कोणाची गं तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "ताई, बाबासाठी पाहिजे. लकवा मारून गेला त्याहिले. पाय सुधरला, चालतेत आता. पण उजवा हात हलवतच नाहीत. व्यायामाच्या मॅडम येतेत घरी, त्या म्हणतेत हेच महिने आहेत. आता हात कामात आणला तर येईल, नाही तर असाच राहील जन्मभर. आणि बाबा चेंडू दाबत नाहीत. म्हणतेत, मी काय लहान पोट्टा आहो?"

"म्हणून व्हिडिओ गेम?"

"लहानपणी मी आणि बाबा हाच खेळायचो, क्लास सुटला की. मॅडमलेही विचारलं. त्या म्हणाल्या, उत्तम, अंगठा तर हलेल."

"कोणता क्लास?"

"टायपिंगचा. इंदोऱ्यात. रामटेके सर म्हणून..."

माझ्या हातातला स्क्रू काढायचा पेचकस तसाच राहिला. रामटेके सर! अगं बाई, उत्तर नागपुरातले अर्धे कारकून त्या माणसानं घडवले, आणि मलाही. मॅट्रिकनंतर मी त्यांच्याकडे जायची. पुढच्या खोलीत लोखंडी टेबलांवर मशिनींची रांग, आणि बोटांवर कापड टाकलेलं, म्हणजे कळांकडे बघता येऊ नये. सर डोळे मिटून मधून फिरायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसरं मशीन, अनामिका उशिरा पडून राहिली." एकदा मी तक्रार केली की मशीनच खराब आहे, अक्षर उमटत नाही. सर बसले, धाडधाड एक ओळ टाइप केली, कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. मशीन खोटं बोलत नाही सुनंदा. कळ दाबली की अक्षर उमटते. नाही उमटलं तर बोट नाही पडलं." मग लाल पेनानं माझ्या चुकांना गोल. परीक्षा मी पास झाले. नोकरी लागायच्या आत कॉम्प्युटर आले, ती गोष्ट वेगळी.

त्या माणसाचा हात! डोळे भरून आले ते प्रज्ञाला दिसू नये म्हणून मी गेम म्हाताऱ्याला लावायला वळले. पिवळी पिन, पांढरी पिन, सरळ पाठीत. पडद्यावर ससा आला, खड्ड्यावरून उड्या मारणारा. गेम जिवंत होता. सरांच्या घरचा टीव्ही नवा, पाठीला फक्त चपटी भोकं, म्हणून मध्ये डबी दिली. दुकानातल्या छोट्या नव्या पडद्यावर डबी लावून दाखवली. चित्र आलं, आवाज आला. वायरवालीला आणखी काय पाहिजे? चित्र आणि आवाज. आम्ही बाजारातले लोक तेवढंच बघतो, खेळून कोणी बघत नाही.

थोड्याच दिवसांत प्रज्ञा परत आली. पिशवीत डबी आणि वायरी, नीट गुंडाळलेल्या.

"चालत नाही का गं?"

"चालते ना ताई. बाबाच नाही चालत." ती स्टुलावर बसली. "ससा पहिल्याच खड्ड्यात पडते. दरवेळी. बाबा म्हणाले, मी कळ दाबतो तवा तो पडलेला असते. हात मेला माझा. आणि शालीत घातला हात. आता मॅडम आल्या तरी बाहेर काढत नाहीत. कालही त्या तशाच परत गेल्या. चेंडू तरी कधी कधी घेत होते हो, मी तेही घालवलं."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मी शटर ओढलं आणि म्हटलं, "चल."

सर खुर्चीत बसले होते. केस पांढरे, शर्टाची घडी तशीच कडक, आणि उजवा हात शालीखाली. कोपऱ्यात दोन मशिनी मेणकापडाखाली झाकलेल्या. मी जय भीम म्हणून वाकले. त्यांनी निरखून पाहिलं. शब्द जरा जड येत होते, पण येत होते.

"सुनंदा. डावी करंगळी. जोर नव्हता तिच्यात."

"अजूनही नाही सर."

"वायरी इकते म्हणे?"

"इकते ना. तुमच्याकडे दिलेली वायर पाहाले आली."

"वायर बरी आहे." त्यांनी मान वळवली. "हात गेला वं माझा."

मी डबी लावली, गेम चालू केला आणि वायर तपासायची म्हणून गेमचा रिमोट स्वतः हातात घेतला. ससा पळाला, खड्डा आला, मी कळ दाबली. ससा धप्प! म्हटलं वय झालं. पुन्हा खेळले, पुन्हा धप्प. प्रज्ञाला म्हटलं, "तू घे, तू तर लहानपणापासूनची." तीही पहिल्याच खड्ड्यात. "सवय गेली," ती म्हणाली. पुन्हा पडली. "अशी कशी सवय गेली?" मी म्हटलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता हे जरा समजून घ्या. ती डबी जुनं चित्र घेते आणि नव्या भाषेत सांगते. मग नवा टीव्ही ते चित्र घासूनपुसून मोठं करतो. दोघांनाही थोडा थोडा वेळ लागतो, पापणी लवावी इतकाच. सिनेमा बघताना काही बिघडत नाही, कारण चित्र आणि आवाज सोबतच उशिरा येतात. पण खेळताना अंगठा आत्ता दाबतो आणि ससा मग उडतो. तोवर खड्डा आलेला असतो. कन्हानच्या त्या तरुणाला मी 'गेम मोड' सांगितला होता तो याच्याचसाठी. सरांच्या टीव्हीत ती सोयच नव्हती, मी शोधून पाहिली. आणि सरांच्या बाबतीत हे कोणाच्या मनातच आलं नाही. न यायचं कारण सरळ आहे, हात उशिरा पडतो हे आम्ही सगळ्यांनी आधीच मानून घेतलं होतं. सरांनी तर सगळ्यांत आधी. जन्मभर ज्यानं शिकवलं की मशीन खोटं बोलत नाही, तो मशिनीवर कसा शक घेईल?

पण हे मी सांगून ते ऐकणार नव्हते. दिलासा देऊन राहिली म्हणाले असते.

"सर," मी म्हटलं, "डोळे मिटा. क्लासमध्ये ऐकायचे तसं ऐका. प्रज्ञा खेळून राहिली."

त्यांनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग डोळे मिटले. प्रज्ञानं कळ दाबली. रिमोटचा टक्क आवाज झाला. उडी मारताना ससा टुंग करतो, ते टुंग आलं.

"पुन्हा."

टक्क. टुंग.

"पुन्हा दाब. जोरानं."

टक्क. टुंग. सरांच्या कपाळावर आठी आली. तीच जुनी आठी, चूक सापडली की यायची ती.

"कळ आधी पडून राहिली," ते हळूहळू म्हणाले. "ससा मंग उडून राहिला. मधात खंड आहे." त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे... अंगण वाकडं आहे काय?"

"हौ सर," मी म्हटलं. "या वेळेस अंगणच वाकडं आहे."

मला वाटलं आता हसतील. नाही हसले. खरा मास्तर तो. म्हणाले, "पण हातही गेला असंल."

"असंल. किती गेला ते या टीव्हीवर समजणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा ऑटोत बसला. ऑटोवाल्यानं आणि मी मिळून उचलला, पाठ इतकी जड की ऑटोवाला म्हणाला, "बाई, यात सिमेंट भरलं का?" भाच्याला फोनवर सांगितलं, टीव्ही दिला. तो म्हणाला, "शेवटी भंगारात गेला ना?" मी म्हटलं, "हौ, गेला," आणि फोन ठेवला. काही लोकांना समजावण्यात अर्थ नसतो.

सरांचा हात पुढे पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. मॅडम पुन्हा यायला लागल्या, सर चेंडूही दाबायला लागले, आता चहाचा कप उजव्या हातानं उचलतात आणि थोडा बशीत सांडतात. टायपिंगची बोटं परत आली नाहीत. मला वाईट वाटतं. पण त्या सकाळचं मी कधी विसरणार नाही.

आम्ही एका मशीनवरचं मेणकापड काढलं, मशीन खाली ठेवलं आणि त्याच्या लोखंडी टेबलावर म्हाताऱ्याला बसवलं. मी पिना हातात घेतल्या तर सर म्हणाले, "थांब वं. पाठ पाहू दे." टीव्ही फिरवला. त्यांनी वाकून पिवळं भोक पाहिलं, पांढरं पाहिलं. "मधात काही नाही ना?"

"काहीच नाही. सरळ."

"लाव."

ससा आला. सरांनी डाव्या हातानं रिमोट धरला. मग शाल हलली आणि उजवा हात बाहेर आला. बारीक झाला होता. प्रज्ञा मदतीला पुढे सरकली तर त्यांनी नुसतं पाहिलं तिच्याकडे, ती मागे झाली. अंगठा कळेवर नेऊन ठेवायलाच किती वेळ लागला. डाव्या हातानं ससा पळवला. पहिला खड्डा आला. धप्प!

सरांचा चेहरा मला बघवेना.

पुन्हा पळाला ससा. खड्डा आला. अंगठा थरथरला आणि खाली गेला. टक्क आणि टुंग एकदमच वाजले, आणि ससा पलीकडे! प्रज्ञानं तोंडावर हात घेतला. सर थांबले नाहीत. दुसरा खड्डा, तोही पार. तिसऱ्या खड्ड्याशी अंगठा घसरला आणि ससा पडला.

"जाऊ द्या बाबा," प्रज्ञा घाईघाईनं म्हणाली, "होते असं."

सर आमच्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, प्रज्ञानं मग सांगितलं, त्यांचा चेहरा असा फुलला होता.

"जाऊ काहून द्या?" ते म्हणाले. "ही चूक माझी आहे. माझीच. लाल पेनानं गोल कर, आणि पुन्हा लाव."